चिनी गाडी आणि खिशातलं लिंबू

मला एका जागी बसवत नाही. हे आईनं लहानपणीच ओळखलं होतं आणि बायको गेली पस्तीस वर्षं रोज बोलून दाखवते. निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो म्हणतात, माझं उलटंच झालं. पेपर उभ्यानं वाचतो, चहा फेऱ्या मारत पितो आणि कुणाच्या दारात नवी गाडी दिसली की चप्पल पायात सरकवून बाहेर पडतो.

गाड्यांशी माझा संबंध पोटापाण्याचा. एका विमा कंपनीसाठी मी तीस वर्षं अपघातातल्या गाड्या तपासल्या. ठोकलेली गाडी बघायची, फोटो काढायचे, ड्रायव्हरचा जबाब घ्यायचा आणि चूक कुणाची ते लिहायचं. टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत कुठलाही ड्रायव्हर असो, जबाबात एक वाक्य हमखास असायचं, 'साहेब, अचानक समोर आला.' म्हैस अचानक आली, सायकलवाला अचानक आला. एका बहाद्दरानं तर झाड अचानक आलं म्हणून सांगितलं होतं. मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारायचो. रस्त्यावर अचानक काही येत नाही, चालवणाऱ्याचं लक्ष नसतं, असं माझं पक्कं मत होतं आणि ते मी भल्याभल्यांना तोंडावर ऐकवलेलं आहे.

त्यामुळं आमच्या नात्यात, गल्लीत कुणी गाडी घ्यायची म्हटलं की मला घेऊन जायची पद्धतच पडली. मुलगी बघायला जाताना एक जाणता माणूस लागतो ना, तसा. मी म्हणालो घ्या, की घेतात. मी नाक मुरडलं की शोरूमवाल्याचा चहाही न घेता सगळे बाहेर पडतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पेन्शन देणाऱ्यांनी मला विसरावं इतका मी जुना झालो होतो, पण गाडीच्या बाबतीत अजून माझ्या शब्दाला वजन होतं.

यंदाच्या जूनमध्ये माझ्या भाचीला गाडी घ्यायची होती. ती अक्कलकोटच्या कॉलेजात शिकवते, राहते सोलापुरात. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. चार वर्षांची मुलगी आजीजवळ राहायची. ती आजी म्हणजे माझी धाकटी बहीण. मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतर पोरीला सांभाळायला कुणी उरलं नाही. माझ्या बायकोचे गुडघे पोरीच्या मागं धावण्यातले राहिले नाहीत. म्हणून भाचीनं अक्कलकोटला कॉलेजशेजारच्या बालवाडीत तिचं नाव घातलं. आता रोज चाळीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, कडेवर पोर, खांद्याला दोन पिशव्या आणि एसटीत उभं राहायचं. दोन आठवड्यांत भाचीचे डोळे खोल गेले. बहीण जाताना मला म्हणाली होती, 'दादा, हिच्याकडं बघ.' ते शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे होते.

भाचीनं पसंत केलेली गाडी चिनी कंपनीची निघाली, तीही विजेवर चालणारी. मी ऐकल्याबरोबर उखडलो. चिनी माल म्हणजे आमच्या डोक्यात दिवाळीची लाईटची माळ, पुढच्या दिवाळीला अर्धी पेटते अर्धी नाही. माझ्या जुन्या गाडीचा मिस्त्री, ज्याच्याकडं मी वीस वर्षं जातो, तोही हसला. म्हणाला, 'चले तो चांद तक, नहीं तो शाम तक.' पण भाचीनं सगळं वाचून, विचारून ठेवलं होतं. एकदा चार्ज केली की दोन-तीन फेऱ्या आरामात होतात, रात्री घरी प्लगला लावायची, पेट्रोलचा प्रश्न नाही. ती म्हणाली, 'मामा, तुम्ही एकदा चालवून बगा की. तुम्ही हो म्हणाला तरच घेते.'

तर एका शनिवारी मी, भाची आणि पोर होटगी रोडच्या नव्या शोरूमला गेलो. गाडी दाखवायला एक बाई होत्या, पस्तिशीच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या. मधेच घरून फोन आला तर दोन शब्द तेलुगूत बोलून ठेवायच्या आणि पुढचं वाक्य जिथं तुटलं तिथून मराठीत जोडायच्या. मी दोष काढायचा म्हणूनच आलोय हे त्यांनी पहिल्या मिनिटात ओळखलं असावं.

दोष होतेच. समोर भलामोठा पडदा आणि एसी कमी-जास्त करायचा तरी त्या पडद्यात बोट घालायचं. गाडी चालवायची की पाटीवर लिहायचं, मी विचारलं. छत काचेचं. सोलापूरच्या उन्हात काचेचं छप्पर बसवायची कल्पना ज्याला सुचली त्याला मे महिन्यात एकदा सात रस्त्याच्या चौकात दुपारी उभा करायला हवा. स्टेपनी नाही, तिच्या जागी पंक्चर काढायचा डबा. मोठं काम निघालं तर गाडी पुण्याला न्यायची. बाई एकेका गोष्टीला हो म्हणत होत्या. पंक्चरचं खरं आहे, सर. पुण्याचंही खरं आहे, सर. कुणी भांडतच नसेल तर माणसानं काय करावं, माझी चिडचिड वाढत गेली.

आणि एसी मात्र असा होता की दोन मिनिटांत पोरीनं दप्तरातला स्वेटर मागितला.

परकी गाडी चालवायची तर माझा एक नेम आहे. कोपऱ्यावरून लिंबू-मिरची घ्यायची आणि गाडीच्या पुढच्या जाळीला बांधायची. तीस वर्षं मी गाड्यांची मढी बघितली आहेत, त्यामुळं असल्या गोष्टींना मी हसत नाही. या गाडीला पुढं जाळीच नव्हती, सपाट थोबाड. तरी मी खालच्या फटीत दोरा अडकवून लिंबू लोंबतं ठेवलं. गाडी सुरू केली तर पडद्यावर पिवळी खूण आणि इंग्रजीत सूचना. बाई म्हणाल्या, पुढचा सेन्सर झाकला गेलाय, लिंबू त्याच्यासमोरच येतंय. मी म्हणालो, 'आमच्या देवाधर्माला घाबरणारी गाडी आम्हाला काय कामाची?' मागं बसलेली भाची हसली. मी तसाच निघालो.

गाडी चालवायला लोण्यासारखी होती, हे मनातल्या मनात मान्य करत मी कुंभारीच्या पुढं आलो. आवाज नाही, गिअर नाही, नुसतं पाय ठेवला की पळते. माझ्यासारख्याला तर ती जास्तच मानवली असती. तिथं चहाला थांबलो. बाईंनी पुन्हा लिंबाचं काढलं. आवाज न चढवता म्हणाल्या की ते असेपर्यंत गाडीची निम्मी यंत्रणा बंद आहे, मग तुम्ही तपासणार काय? हे मला टोचलं, कारण बरोबर होतं. मी चहाचा ग्लास ठेवला, दोरा सोडला आणि लिंबू-मिरची शर्टाच्या खिशात टाकली. भाची त्या वेळी पोरीला घेऊन टपरीच्या मागं गेली होती. पडद्यावरची पिवळी खूण गेली. आम्ही निघालो.

वळसंगच्या अलीकडं दुभाजक फोडून लोकांनी आपली वाट केली आहे. तिथं गाडीनं एकदम कर्कश शिट्टी मारली आणि मी काही करायच्या आत स्वतःच ब्रेक लावला. पट्टे छातीत रुतले. पोर रडायला लागली. मी गाडीला शिवी हासडली, कारण रस्ता समोर मोकळा होता. आणि मग, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला हात लावून उभी असलेली बाई मला दिसली. डोक्यावर वैरणीचा भारा. हात लावून म्हणजे खरंच लावून. मधे एका वितीचंही अंतर नव्हतं.

शेजारी पडद्यावर काही बघत बसलेल्या शोरूमच्या बाईंनी काच खाली केली आणि लागलं का म्हणून विचारलं. त्या वैरणवालीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, 'कण्ण काणंगिल्लेन?' डोळ्यांना दिसत नाही का? आमच्या घरात कानडी बोलतात, मला अर्थ शोधावा लागला नाही. भारा सावरून ती रस्ता ओलांडून गेली.

तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असेल माझ्या? 'अचानक समोर आली,' मी म्हणालो.

मी गाडी बंद करून दोन्ही हात मांडीखाली घेतले. डोक्यात एकच होतं, मला ती दिसली कशी नाही. एवढी उंच बाई, वर हिरवा भारा, सरळ रस्ता, भर दुपार. मी पुन्हा गाडी सुरू केली, वळवली आणि परत येईपर्यंत माझं उत्तर तयार करून ठेवलं होतं.

घरी जमलेल्या मंडळींना मी ते उत्तर दिलं. गाडी रोजच्या वापराची नाही. कारण ती लिंबाला भिते. पुढं लिंबू-मिरची बांधली तर तिला वाटतं काहीतरी आडवं आलं आणि ती मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारते, मागून ट्रक येत असता तर तुम्हाला आमचा तेरावा करावा लागला असता. लोकांना हे फार पटलं. कुणी म्हणालं, मग दसऱ्याला हार घातला की गाडी दारातच बसणार. हशा पिकला. चिनी गाडी आणि लिंबू ही गोष्ट चार दिवसांत आमच्या गल्लीतून पार विजापूर रोडपर्यंत गेली. भाची मात्र हसली नाही. तिनं फक्त विचारलं, 'मग आता मी कसं करू, मामा?'

तिच्या चेहऱ्याकडं बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, 'मी आहे की. मी सोडतो रोज. माझी गाडी काय गंजायला ठेवलीय?' खोटं झाकायला माणूस काय काय उचलून आणतो, त्याला सुमार नाही. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शोरूमला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सोमवारपासून मी दोघींना अक्कलकोटला न्यायला लागलो. पोरीला पुढं बसायची हौस, म्हणून ती माझ्या डावीकडच्या सीटवर आणि भाची मागं पेपर तपासत. मी दिवसभर अक्कलकोटात काढायचो. मठाच्या ओट्यावर बसायचो, उठायचो, बाजारात एक फेरी, परत ओट्यावर. संध्याकाळी परत. येताना-जाताना माझी मान घुबडासारखी फिरत असायची. डावीकडं बघ, समोर बघ, डावीकडं बघ. पहिल्या तीन दिवसांत मानेला उसण भरली. भाचीला वाटलं उशी बदलायला हवी.

बुधवारी बायकोनं शर्ट धुवायला घेतला. बाथरूममधून ओरडली, हे काय वो? हातात सुकलेलं लिंबू आणि चार मिरच्या, दोऱ्यासकट. खिशाला पिवळा डाग पडला होता. मी म्हणालो, शनिवारचं असेल. ती म्हणाली, 'आवं, पण शनिवारचं गाडीला हुतं की. तुमीच सांगत फिरताय.' मी म्हणालो, नंतर सोडलं. कधी नंतर, ती म्हणाली. मी चप्पल घालून बाहेर पडलो. मागं वळून बघितलं नाही, पण तिनं ते लिंबू टाकलं नाही, खिडकीत ठेवलं. त्यानंतर ते तिथंच होतं. रोज दाढी करताना मला दिसायचं.

पुढच्या आठवड्यात शोरूमच्या बाईंचा फोन आला. मला वाटलं गाडी गळ्यात मारायला केलाय, म्हणून आधीच आवाज चढवला. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, 'सर, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. पण ते लिंबाचं तुम्ही सांगताय, ते उलटं आहे. लिंबू असतं तर गाडी थांबलीच नसती.' त्या पुढं म्हणाल्या की गाडी नको म्हणून मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांनी हे सांगितलं नाही, मोठ्या माणसाला त्याच्या भाचीसमोर उघडं पाडणं बरं दिसत नाही. पण पोरीला घेऊन तुम्हीच रोज जाता हे कळलं तेव्हापासून झोप नीट लागत नाही. एवढंच.

फोन ठेवला आणि मी घरातल्या घरात किती फेऱ्या मारल्या ठाऊक नाही. मला राग आला होता. शोरूमच्या बाईंचा, गाडीचा, चीनचा, वैरणवालीचा. लिंबू असतं तर थांबलीच नसती. म्हणजे मी हट्टाला पेटून दोरा तसाच ठेवला असता तर ती बाई तिथंच पडली असती, आणि मी जबाबात लिहून दिलं असतं, अचानक समोर आली.

दुसऱ्याच दिवशी बाजारात माझ्या गाडीचा डावा आरसा एका हातगाडीला लागून फुटला. मिस्त्रीकडं गेलो. त्यानं आरसा काढता काढता सहज विचारलं, 'साब, तुमारा दुश्मन हमेशा बाएं बाजूकूच रहता क्या?' वर्षभरातला हा तिसरा होता. मी हसलो. तोही हसला, पण हसता हसता त्यानं माझ्या चेहऱ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

शनिवारी संध्याकाळी अक्कलकोटहून परतल्यावर बायकोला बँकेचं काम सांगितलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. रिक्षानं. शनिवारी संध्याकाळी कुठली बँक उघडी असते, हे तिनं विचारलं नाही.

तिथं एक यंत्र असतं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठं बारीकसा दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून. बाहेरून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की टिकटिक तर होते आहे, पण दिवा दिसत नाही. मग मी काय केलं असेल? टिकटिकीच्या तालावर बटण दाबायला लागलो. साठी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखी कॉपी करत होतो. यंत्र चालवणारी मुलगी मृदूपणे म्हणाली, 'काका, आत्ता दिवा लागलाच नव्हता. तरी तुम्ही दाबलं.' मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी खरं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे कागद समोर ठेवले. डोळ्यांना दिसतं तो भाग पांढरा, दिसत नाही तो काळा. दोन्ही कागदांवर डावी बाजू काळी होती. काचबिंदू, ते म्हणाले, बरेच दिवसांचा असावा. गेलं ते परत येत नाही, औषधानं उरलेलं राखायचं. गाडी कोण चालवतं, त्यांनी विचारलं. मी चालवतो. आता चालवू नका, ते म्हणाले. मी तीस वर्षं बंपर, बॉनेट, दारं यांच्यावर अशा खुणा करत आलो, इथं मार लागलाय, तिथं मार लागलाय. तो कागद मला लगेच वाचता आला.

आणि आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. हे सगळं कळल्यानंतर, हातात कागद असताना, सोमवारी सकाळी मी गाडी काढली. रविवारी भाचीला फोन करायला चार वेळा फोन उचलला आणि चार वेळा खाली ठेवला. काय सांगणार? लिंबाची गोष्ट आता गावभर झाली होती. माझ्या शब्दावर तिनं गाडी सोडली होती. मी मनाशी म्हणालो, फक्त आजचा दिवस, आज संध्याकाळी सांगू. असं म्हणून मी दोघींना गाडीत बसवलं. पोर पुढं, माझ्या डाव्या हाताला.

कुंभारी मागं पडली. पोर रोज बडबडत असते, त्या दिवशी अर्धवट झोपेत होती म्हणून गप्प होती. मी समोर बघत होतो. आणि एकाएकी मला वाटलं, पोर गाडीत नाही. दार उघडून पडली की काय. मान वळवली तर ती तिथंच होती, हाताच्या अंतरावर, तोंडात अंगठा घालून. समोर बघितलं की ती नाहीशी. मान वळवली की आहे. मी दोनदा करून बघितलं. साठच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत मी हे करून बघत होतो.

चहाची ती टपरी आली तशी मी गाडी रस्त्याच्या खाली घेतली आणि बंद केली. भाचीनं विचारलं, चहा? पहिला तास आहे, मामा, उशीर होईल. मी किल्ली काढली आणि मागं वळून तिच्या पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवली.

मग सगळं सांगितलं. लिंबू इथंच सोडलं होतं, खिशात होतं. गाडीनं ब्रेक लावला तो बाईसाठी, लिंबासाठी नाही. मला ती दिसलीच नव्हती. डोळ्यांचा कागद परवा मिळाला. हे सगळं मी एका दमात आणि तिच्याकडं न बघता सांगितलं, काचेतून टपरीवाल्याकडं बघत. तो बिचारा आम्हाला दोन चहा आणायचे की तीन या विचारात उभा होता.

मागं किल्ली उचलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, 'ती बाई मला लांबूनच दिसली होती, मामा.'

मी वळलो.

'भारा दिसला, ती रस्त्याला लागताना दिसली. मी म्हटलं, मामांनी बघितलं असणार. मामांना न दिसता कसं राहील.' ती पोरीकडं बघत होती. 'म्हणून मी बोलले नाही. घरी तुम्ही लिंबाचं सांगितलंत, तेव्हाही नाही.'

बहिणीच्या मरणानंतर मी तिच्यासमोर रडलो नव्हतो, तिथं रडलो. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. तिनं घातली नाही. ती खाली उतरली, पुढचं दार उघडलं, झोपलेल्या पोरीला उचलून मागच्या सीटवर नेऊन झोपवलं आणि पट्टा दोनदा ओढून बघितला. मग माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. 'बारा दिवस, मामा,' ती म्हणाली. 'आणि आज. आज तर तुम्हाला ठाऊक होतं.' मी उतरलो. तिनं सीट पुढं घेतली, आरसे तिच्या उंचीला लावले, डावा आरसा जरा जास्तच वेळ. अक्कलकोटपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि ते योग्यच होतं.

ती दहा दिवस आमच्याकडं आली नाही. माझी गाडी तिच्याकडंच होती. बायकोला मी सगळं सांगितलं, तेव्हा तिनं खिडकीतलं लिंबू उचलून कचऱ्यात टाकलं आणि तव्यावर भाकरी टाकायला गेली. गल्लीत मी स्वतः फिरून लिंबाची गोष्ट खोटी आहे म्हणून सांगितलं. पहिली गोष्ट चार दिवसांत पसरली होती, ही पसरेना. लोकांना पहिलीच आवडली होती. अजूनही कुठं लग्नात मला बघून कुणीतरी लिंबाची चिनी गाडी म्हणून हसतं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

अकराव्या दिवशी सकाळी भाची आली. दारात तीच चिनी गाडी. शोरूमच्या बाई सोबत होत्या, पुन्हा एकदा चालवून बघायला आणली होती. गल्लीतले दोघे-तिघे, रजा काढून आलेला तिचा नवरा, माझी बायको, सगळे बाहेर आले. आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. भाचीनंही बघितलं. 'सांगा, मामा,' ती म्हणाली. 'घेऊ का?'

मी गाडीभोवती एक फेरी मारली. डावीकडून जाताना हातानं चाचपत गेलो, कुणाला दिसलं तर दिसू दे. पडदा मोठा आहे, ते सांगितलं. काचेच्या छतावर उन्हाळ्यात चादर घालावी लागेल, पंक्चर काढायला शिकून घे, पुण्याचा एक फेरा वर्षातून धरूनच चाल. हे सगळे दोष खरेच होते आणि आजही आहेत. मग म्हणालो, 'रोजच्या वापराला गाडी चांगली आहे. मी नव्हतो. घे.' शोरूमच्या बाईंना हात जोडले. त्यांनीही जोडले, आणि पुढची कागदपत्रं कधी करायची ते विचारलं.

कागदपत्रं व्हायची होती, तरी बायकोनं हळदकुंकू लावलंच आणि हारही आणला. हार मी हातात घेऊन उभा राहिलो आणि बाईंना विचारून मागच्या बाजूला घातला. भाची चालवायला बसली. एक चक्कर मारू म्हणाली. पोर मागं तिच्या बापाजवळ बसली. मी कुठं बसावं ते कळेना म्हणून तसाच उभा राहिलो, दाराला हात लावून. पाय नुसते चुळबुळत होते.

'पुढं बसा की, मामा,' ती म्हणाली. गाडीचा सल्ला सोडला तर दहा दिवसांनी माझ्याशी सरळ बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी बसलो. तिनं माझ्या अंगावरून हात नेऊन पट्टा ओढला, खटकन लावला आणि दोनदा ओढून बघितला.

'डावीकडचं मी बघते,' ती म्हणाली. मग गाडी सुरू केली.